कुकरची रिंग आणि गाडीचा वायपर

गेल्या वर्षीची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा उलटला होता, पण जळगावात पावसाचा थेंब नव्हता. सासूबाईंना धुळ्याला डॉक्टरांना दाखवायचं होतं. आमचे ‘हे’ परगावी, म्हणून गाडी मीच काढली. तशी मी आठ-नऊ वर्षांपासून गाडी चालवते. बचत गटाच्या बैठकांना एरंडोल, धरणगावला एकटी जाऊन येते. त्यामुळे भीती अशी वाटलीच नाही.

परतताना पारोळा सोडलं आणि आभाळ फुटलं. मी वायपर सुरू केला. काच पुसली जाण्याऐवजी सारवल्यासारखी झाली! उन्हाळाभराची धूळ, वरून पाणी आणि घासणारं रबर कडक झालेलं. कर्रकर्र आवाज करत वायपर नुसता नाचत होता. समोरच्या ट्रकचे दिवे काचेवर पसरून डोळे दिपत होते. तेवढ्यात अगदी पुढ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली. मागे दिवा नाही, काही नाही. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. दोन हातांचं अंतर राहिलं असेल. सासूबाई ओरडल्या, “माय व! आते काय करसूत?” कशीबशी गाडी पेट्रोल पंपाच्या आवारात घेतली आणि पाऊस थांबेपर्यंत पाऊण तास आम्ही दोघी गप्प बसून राहिलो.

त्या रात्री झोप लागली नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता ही चूक त्याची. पण मला ती दिसली नाही, ही चूक माझी. मे महिन्यात मी पापड-कुरडया केल्या, गहू वाळवून कोठीत भरला, छत्र्या दुरुस्त केल्या. कुकरची रिंग कडक झाली म्हणून तीही बदलली. पण गाडीच्या वायपरला एकदा बोट लावून पाहिलं नाही. का? तर गाडीचं ‘ते’ काम यांचं, अशी मनाशी वाटणी झालेली!

दुसऱ्या दिवशी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, “ताई, साहेबांना पाठवा ना.” राग आला. पण पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, “बरं, किती इंचाचा देऊ?” आणि माझी बोलती बंद! घरी आले, शिवणकामाची टेप काढली आणि मोजलं. माझ्या बाजूचा २० इंच, शेजारचा १६ इंच. दोन्ही सारखे नसतात, हे मला तेव्हा कळलं.

निवडताना काय पाहायचं?

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून जे शिकले ते सांगते.

आधी माप. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ते असतं, नाहीतर जुनं रबर टोकापासून टोकापर्यंत मोजा. ‘थोडा मोठा घेतला तर जास्त काच पुसेल’ असं नाही. मोठा ब्लेड कडेच्या खांबाला किंवा दुसऱ्या ब्लेडला आपटतो. आखूड घेतला तर काचेचा पट्टा न पुसता राहतो. मागच्या काचेलाही वायपर असेल तर त्याचं माप वेगळं असतं.

दुसरं, जोडणी. बहुतेक गाड्यांत वायपरच्या दांडीला टोकाशी वाकवलेला हूक असतो, पण सगळ्यांत नाही. सोपा उपाय म्हणजे मोबाइलवर फोटो काढून न्या किंवा जुना ब्लेडच सोबत न्या.

तिसरं, प्रकार. एक पत्र्याच्या सांगाड्याचा. हा स्वस्त, आणि काहींत नुसतं रबर बदलून मिळतं. दुसरा बिनसांगाड्याचा, सपाट. तो काचेवर सगळीकडे सारखा दाब देतो आणि त्यात धूळ अडकायला सांधे नसतात, पण महाग. सिलिकॉनचं रबर साध्या रबरापेक्षा जास्त टिकतं, त्याचे पैसेही जास्त पडतात. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. ऊन आणि धूळ यांनी रबर कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. म्हणून मी साधीच जोडी घेते, पण दरवर्षी आणि उन्हाळा सरता सरता. मार्चमध्ये घेतली तर सगळं ऊन तीच खाते.

चौथं, घेताना पाकीट उघडून रबराच्या कडेवरून बोट फिरवा. कड सरळ आणि मऊ हवी. कातण्याने कापल्यासारखी वाटली तर परत द्या.

बसवणंही अवघड नाही. काचेवर जाड टॉवेल अंथरा, कारण दांडीला स्प्रिंग असते, ती सुटून आपटली तर काच तडकते. दांडी उभी करा, बारीकशी कळ दाबून जुना ब्लेड सरकवून काढा, नवा सरकवा. ‘टक्’ आवाज आला की बसला. मग काच ओली करून एकदा चालवून पाहा. कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवू नका. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रबराची कड पुसा. काच धुवायच्या टाकीत कपड्यांची पावडर घालू नका, काचेवर तवंग राहतो.

हा शोध एका बाईचा!

अमेरिकेतल्या अलाबामाची मेरी अँडरसन १९०२-०३च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली होती. बर्फाच्या पावसात ट्रामचा चालक समोरची काच उघडून, गारठत रस्ता पाहत होता. बाकीच्यांनीही ते पाहिलं असेलच. हिने मात्र आतून दांडी ओढली की बाहेर रबराची पट्टी काच पुसेल, असं साधन तयार केलं. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला त्याचं पेटंट मिळालं. १९०५ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीने ‘याला व्यापारी किंमत नाही’ म्हणून नकार दिला. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर वायपर गाडीगाडीत आले. तिला त्यातून पैसा मिळाला नाही. आज आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०१व्या नियमाप्रमाणे काच असलेल्या मोटारगाडीला नीट चालणारा वायपर सक्तीचा आहे.

माझ्या गटातल्या दोघीजणी सध्या गाडी शिकताहेत. क्लच, गिअर सगळं ट्रेनिंगवाले शिकवतात. मी त्यांना घरी बोलावून वायपर बदलायला, टायरची हवा पाहायला शिकवलं. एकीची सासू बघत उभी होती. म्हणाली, “हे तर कुकरसारखंच आहे की!”

तसंच आहे. आपले शेतकरी बांधव रोहिणीत शेताची मशागत उरकून घेतात, मृगाची वाट पाहत बसत नाहीत. यंदा रोहिणी नक्षत्र लागलं की पाच मिनिटं काढा. गाडीवर पाणी टाका, वायपर लावा. काचेवर रेघा उमटल्या, आवाज आला, तर टेप काढा आणि दुकानात जा. कोणी ‘साहेबांना पाठवा’ म्हणालं, तर माप सांगा.