समुद्राकाठचे पाच गुंठे

गणपतीपुळे, आरे-वारे, पावस, कुठल्याही रस्त्याने जा, 'प्लॉट विकणे आहे' हे फलक दिसतातच. आता एजंट गटांच्या बैठकांपर्यंत पोचले आहेत. "दहाजणींनी मिळून पाच गुंठे घ्या, पाच वर्षांत दुप्पट," असे सांगतात. गटातली बचत आणि गळ्यातले सोने, दोन्हींवर डोळा आहे. म्हणून आज आम्ही या जमिनीबद्दल बोलणार आहोत.

पहिली गोष्ट समुद्राची. किनाऱ्याजवळ बांधकामावर सीआरझेडचे निर्बंध आहेत. ते 1991 साली आले, 2011 आणि 2019 मध्ये बदलले. गावाची वस्ती फार दाट असेल, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 माणसांहून जास्त, तर भरतीरेषेपासून 50 मीटर सोडायचे. नाहीतर 200 मीटर. आपल्या जिल्ह्यात सरासरी दोनशेच्या आसपास माणसे, म्हणजे बहुतेक गावांना 200 मीटरच लागू. या पट्ट्यात शेती-बागायत करता येते, आधीच्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण नवे रिसॉर्ट नाही. त्यापुढेही 500 मीटरपर्यंत परवानगी लागतेच. म्हणजे एजंट ज्याला 'अगदी समुद्राला लागून' म्हणून जास्त भाव सांगतो, तीच जागा बांधायला सर्वात कमी उपयोगाची! आणि भरतीरेषा म्हणजे आपण गेलो त्या दिवशी दिसलेले पाणी नव्हे. ती सरकारी नकाशावर असते. मिऱ्याच्या लोकांना विचारा, समुद्र किती आत येतो ते.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. कोकणात जमीन सामाईक. एका सातबाऱ्यावर वीस-तीस नावे, निम्मी मुंबईला, काही वारलेली, वारसनोंद झालेली नाही. एकाने सही दिली म्हणजे सगळ्यांनी दिली असे होत नाही. त्यात लेकींचा हिस्सा. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तेव्हा विकणाऱ्याच्या बहिणींनी हक्कसोड दिले आहे का, की त्यांना कळवलेलेच नाही, हे आधी विचारा. उद्या आपणही कुणाच्या तरी बहिणी आहोतच.

सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, खाजगी वन असा शेरा तिथेच सापडतो. 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. शिवाय शेतजमिनीत जिरायत 20 आणि बागायत 10 गुंठ्यांहून लहान तुकडा वेगळा करायला तुकडेबंदी आड येते. मग त्या पाच गुंठ्यांचे काय होते? सामाईक सातबाऱ्यात आणखी दहा नावे वाढतात, आणि विकताना त्या सगळ्यांना एकत्र आणावे लागते. "नोटरी करून देतो" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. नोंदणी झालेल्या खरेदीखताशिवाय मालकी मिळत नाही.

बरे, सगळे कागद चोख निघाले असे समजू. जमिनीला जायला वाट आहे का? कागदावर वाट नसेल तर शेजारी कधीही गडगा घालू शकतो. विहिरीचे पाणी खारे आहे का, तेही पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात चाखून पाहा. आता हिशेब. पाच लाख रुपये सात टक्क्यांनी दहा वर्षे ठेवले तर चक्रवाढीने पावणेदहा लाखांच्या वर जातात. जमिनीला मुद्रांक, नोंदणी, गडगा, साफसफाई असा खर्च, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत एक रुपया हातात नाही. मुलीची फी किंवा दवाखाना त्या गिऱ्हाइकासाठी थांबत नाही. म्हणून आमचे मत असे की गटाचा सामाईक निधी आणि कर्ज काढलेला पैसा यात घालू नये. स्वतःची शिल्लक असेल, आणि ती दहा वर्षे लागणार नसेल, तर जरूर विचार करा.

तेव्हा एजंट आला की आधी गट नंबर लिहून घ्या. महाभूलेखवर सातबारा फुकट पाहता येतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. जुने फेरफार तलाठ्याकडून काढा, आणि दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, पण तो वकील एजंटने आणलेला नको.