झाकून बाळगायचे पिस्तूल : निवड कोणाची?

स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगता येईल असे लहान पिस्तूल कोणते घ्यावे? चित्रपटात हा प्रश्न सोपा असतो. आपल्या देशात मात्र निवडीची सुरुवात दुकानात नव्हे, कायद्यात होते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो; नागपुरात तो पोलीस आयुक्त देतात. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. म्हणजे १९ वर्षांची मी आणि माझे बहुतेक वर्गबंधू येथेच बाद!

९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकास सहसा मिळत नाही. म्हणून निवड बहुधा.३२ बोअरवर येते. रिव्हॉल्व्हर जाड, पण यंत्रणा साधी. एखादी गोळी उडाली नाही, तर पुन्हा चाप ओढताच पुढची समोर येते. पिस्तूल चपटे, झाकण्यास सोयीचे; पण गोळी अडकल्यास ती काढण्याचा सराव हवा. झाकणे ही येथे हौस नव्हे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेलेच असावे लागते.

२०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये! २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर हे नाव आले; पण ती मुलगी सामान्य घरातली होती. सायंकाळी रामदासपेठेतून घरी परतणाऱ्या आम्हा कित्येकींच्या घरी वर्षाची मिळकतही एवढी नसते. आम्हांला आधी हवेत ते रस्त्यावरचे दिवे, वेळेवर येणारी बस आणि तक्रार ऐकून घेणारी पोलीस चौकी.