बेसी कोलमन : विमानविद्येची एक विद्यार्थिनी

विमान डोक्यावरून गेलें म्हणजे वर्गांतील मुलांचें लक्ष फळ्यावर राहत नाहीं, हा आम्हां शिक्षकांचा नेहमींचा अनुभव आहे. अशाच एका प्रसंगीं एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, “सर, विमान चालवावयास शक्ति अधिक लागते कीं बुद्धि?” प्रश्न लहान होता, परंतु त्याचें पुरें उत्तर द्यावयाचें तर एका स्त्रीचें चरित्र सांगावें लागेल, असें आम्हांस वाटलें. तें उत्तर येथें देत आहों.

प्रथम विमान कसें चालतें तें पाहूं. त्या काळच्या विमानाच्या पुढच्या बाजूस एक पंखा असे. तो हवा मागें लोटी व त्यामुळें विमान वेगानें पुढें जाई. ह्या वेगामुळें हवेचा प्रवाह विमानाच्या दोन्ही पंखांवरून व पंखांखालून वाहतो. पंखांचा आकार व कल असा असतो कीं, तो प्रवाह खालच्या दिशेस वळतो आणि उलट पंखांस वर उचलणारा जोर मिळतो. वेग फार कमी झाला कीं हा जोरही नाहींसा होतो. म्हणून हवेंत थांबून विचार करण्याची सोय वैमानिकास नाहीं.

अमेरिकेंतील विल्बर व ऑर्व्हिल राइट ह्या बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉक येथें पहिलें यशस्वी उड्डाण केलें. तें केवळ १२ सेकंद टिकलें व विमान १२० फूट गेलें. त्याच दिवसाच्या चौथ्या उड्डाणांत त्यांनीं ५९ सेकंदांत ८५२ फूट अंतर तोडलें. परंतु त्यांचें खरें यश विमान वर नेण्यापेक्षां तें ताब्यांत ठेवण्यांत होतें. पुढील काळांतील विमानांत वैमानिकाच्या पायांमध्यें एक उभा दांडा असे. तो पुढें लोटला कीं विमानाचें नाक खालीं जाई, मागें ओढला कीं वर येई, बाजूस कलविला कीं विमान त्या बाजूस कलंडे. पायांखालील आडव्या दांडीनें शेपटीचें सुकाणूं फिरे. ह्या कामास मल्लाचें बळ नको. हलका हात, सावध डोळा व शांत डोकें पाहिजे. फ्रान्समधील रेमोंद द लारोश ह्या स्त्रीनें ८ मार्च १९१० रोजीं वैमानिकाचा परवाना मिळविला. असा परवाना मिळविणारी जगांतील ती पहिली स्त्री होय. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर जगास तेव्हांच मिळालें होतें. तथापि एखादी विद्या स्त्रियांस साध्य आहे हें सिद्ध होणें निराळें, आणि ती शिकविणारा गुरु प्रत्येक स्त्रीस मिळणें निराळें.

बेसी कोलमन हिचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजीं अमेरिकेच्या टेक्सस संस्थानांत झाला. तेरा भावंडांत ती दहावी. हें कुटुंब कृष्णवर्णीय होतें. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली होती, तरी तिच्या प्रांतांत गोऱ्यांची शाळा निराळी व काळ्यांची निराळी, आगगाडींतील जागाही निराळी, अशी स्थिति होती. वॉक्साहॅची ह्या गांवीं बेसी एका खोलीच्या शाळेंत मैलोगणती चालत जात असे. कापूस वेंचण्याचा हंगाम आला कीं शाळा बंद पडे व मुलें शेतांत जात. पुढें वडील घर सोडून गेले. आईनें परक्या घरीं काम करून मुलें वाढविलीं. बेसी गणितांत हुशार निघाली. १९१० सालीं सांठविलेल्या पैशांवर ती ओक्लाहोमांतील लँग्स्टन येथें पुढील शिक्षणासाठीं गेली. परंतु एका सत्रांतच पैसे संपले व तिला घरीं परतावें लागलें. हें वाचून आमच्या पालकवर्गापैकीं कांहींस आपलेंच घर आठवेल. सुगीच्या दिवसांत रिकामे पडलेले बांक आम्हींही पाहिले आहेत.

१९१५ सालीं बेसी शिकागो शहरीं आली व न्हाव्याच्या दुकानांत गिऱ्हाइकांचीं नखें साफ करण्याचें काम करूं लागली. तिचा एक भाऊ पहिल्या महायुद्धांत फ्रान्सला जाऊन आला होता. तेथील स्त्रिया विमानें चालवितात, तुमच्यानें तें कधीं व्हावयाचें नाहीं, असें म्हणून तो तिला चिडवी. हें बोलणें तिच्या मनास लागलें. तिनें आपल्या देशांतील विमानशाळांकडे प्रयत्न केले. परंतु एक तर ती स्त्री, आणि त्यांत कृष्णवर्णीय, म्हणून तिला कोणी घेईना. तेव्हां ‘शिकागो डिफेंडर’ ह्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट ॲबट ह्यांनीं तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला.

आमच्या मतें तिच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें उड्डाण येथें घडलें, आणि तें जमिनीवर घडलें. पोटापाण्याचा उद्योग संभाळून ती फ्रेंच भाषा शिकूं लागली. तिला साहित्याचा व्यासंग करावयाचा नव्हता. जो गुरु शिकविण्यास तयार आहे त्याचें बोलणें तिला समजून घ्यावयाचें होतें. स्वदेशांतील बंद दाराची किल्ली तिला परक्या भाषेंत सांपडली. २० नोव्हेंबर १९२० रोजीं ती जहाजांत बसली व फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ल क्रोत्वा येथें कोद्रों बंधूंच्या विमानशाळेंत दाखल झाली. ह्याच गांवीं १८ जुलै १९१९ रोजीं रेमोंद द लारोश अपघातांत मरण पावली होती. लांकूड व कापड ह्यांचीं तीं विमानें. त्यांतून पडून प्राण गमावणें ही नवलाची गोष्ट नव्हती. तरी बेसी मागें हटली नाहीं. १५ जून १९२१ रोजीं तिला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. असा परवाना मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री होय.

स्वदेशीं परतल्यावर तिनें विमानाच्या कसरतींचे खेळ करण्यास आरंभ केला. १९२३ सालीं कॅलिफोर्नियांत इंजिन बंद पडून विमान कोसळलें व तिचा पाय मोडला; बरी होतांच ती पुन्हां उडूं लागली. हे खेळ केवळ पैशांकरितां नव्हते. आपल्या लोकांस विमानविद्या शिकविणारी शाळा काढावी, हा तिचा हेतु होता. वॉक्साहॅची येथें तिचा खेळ ठरला, तेव्हां गोऱ्यांस एक दार व काळ्यांस दुसरें दार ठेवण्याचा व्यवस्थापकांचा बेत होता. सर्वांस एकाच दारानें आंत घेतल्याशिवाय आपण उडणार नाहीं, असें तिनें सांगितलें व तें मान्य झालें. आंत बसण्याच्या जागा मात्र निराळ्याच राहिल्या. एका व्यक्तीच्या निश्चयानें एक दार उघडलें. भिंत तशीच उभी होती.

३० एप्रिल १९२६ रोजीं फ्लोरिडांतील जॅक्सनव्हिल येथें दुसऱ्या दिवशींच्या खेळाची पाहणी करण्यासाठीं ती वर गेली. विमान तिचा यंत्रज्ञ विल्यम विल्स चालवीत होता. छत्रीच्या साह्यानें कोठें उतरावें हें वांकून पाहतां यावें, म्हणून तिनें कमरेचा पट्टा बांधला नव्हता. अकस्मात् विमान खालीं झेंपावून उलटें झालें. बेसी बाहेर फेंकली गेली व मरण पावली. विल्सही वांचला नाहीं. मागाहून असें आढळलें कीं, विमानांत राहिलेला एक पाना चालकयंत्रांत अडकला होता. दांडा व सुकाणूं ह्यांचें कार्य आम्हीं वर सांगितलें तें एवढ्याचसाठीं : त्यांच्या वाटेंत हातभर लांबीचीही वस्तु लागत नाहीं, एक विसरलेलें हत्यार पुरतें. धैर्य असलें तरी हत्यार मोजून जागेवर ठेवण्याची शिस्त लागतेच, हा धडा आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

मृत्युसमयीं ती ३४ वर्षांची होती व तिची शाळा निघाली नव्हती. परंतु १९२९ सालीं लॉस एंजेलिस येथें विल्यम पॉवेल ह्यांनीं तिच्या नांवानें विमान-मंडळ स्थापिलें. कृष्णवर्णीय वैमानिक शिकागोंतील तिच्या थडग्यावर विमानांतून फुलें टाकूं लागले. आणि १९९२ सालीं अंतराळांत जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीनें, मे जेमिसन हिनें, बेसीचें छायाचित्र बरोबर नेलें.

तेव्हां शक्ति कीं बुद्धि, ह्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें : विमानास दोहींहून आधीं शिकलेला हात लागतो. तो हात स्त्रीचा कीं पुरुषाचा, गोरा कीं काळा, हें यंत्र विचारीत नाहीं. विचारतात तीं जमिनीवरचीं माणसें. बालमित्रहो, ज्या भाषेचा धडा आज तुम्हांस रुक्ष वाटतो, तोच उद्यां तुमची किल्ली होईल. आणि पालकहो, सुगीच्या दिवसांत मुलीस घरीं ठेवण्यापूर्वी एकदां विचार करा. तिच्यापुढें जगांतील कित्येक दारें बंद असतील; तीं उघडण्यास तिला वेळ लागेल. निदान घराचें दार तरी तिच्यासाठीं उघडें असूं द्या.