डोंगराशी पुन्हा ओळख

"ताई, पोरीला डोंगरावर धाडायचं नाय म्हणजे नाय!" बचत गटातली मैत्रीण निक्षून म्हणाली. शाळेतल्या मुलींसाठी आम्ही प्रस्तरारोहणाचं चार दिवसांचं शिबीर ठरवलं होतं.

तिचं तरी काय चुकलं? २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आपल्या आंबेनळी घाटात कोसळली, ३० जण गेले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तीच वेळ आली. डोंगर म्हटलं की पोटात गोळा येणारच.

मी एवढंच म्हटलं, "अगं, घाटात बस पडली तेव्हा दोर लावून दरीत उतरले ते कोण? आपल्याकडचे गिर्यारोहकच ना?" ती गप्प झाली. पोरीला पाठवलं, पण स्वतःही आली!

पहिल्या दिवशी मुलींचं सगळं लक्ष हेल्मेट आणि फोटोंकडे. कड्याला भिडल्यावर मात्र नजर बदलली. भार टाकण्याआधी दगड ठोकून बघायचा, पोकळ आवाज आला तर सोडून द्यायचा. वाळल्या गवताचा आधार घ्यायचा नाही. आग्या मोहोळ दिसलं की आरडाओरडा बंद. कारवीची मुळं माती कशी धरून ठेवतात, हे पुस्तकात नव्हे, हाताला कळलं.

घरी गेल्यावर त्या मुलीनं आजीला विचारलं, "आपल्या मागच्या उताराला कधी भेग पडली होती का?" आजीनं तिला परसात नेलं. कुठला झरा पावसात फुटतो, कुठलं झाड कललंय, सगळं दाखवलं. झरा अचानक गढूळ झाला, जमिनीला नवी भेग दिसली, तर घर सोडायचं, हे नातीनं आजीला सांगितलं.

मैत्रिणींनो, आपल्या आज्या लाकूडफाट्यासाठी डोंगर रोज चढायच्या. गॅस आला, शाळा आली, चांगलंच झालं. पण डोंगराची ओळख मात्र तुटली. खेळाच्या निमित्तानं ती पुन्हा जुळत असेल, तर मुलींना अडवू नका. चांगला प्रशिक्षक, चांगलं साहित्य एवढं बघा, आणि भर पावसात शिबीर नको.

मैत्रीण परवा म्हणाली, "भीती गेली नाय ताई. पण आता कशाला भ्यायचं, ते कळतंय."