गलतीकर कोण होते?

मराठी बायबलमधले ‘गलतीकरांस पत्र’ हे शीर्षक वाचून काहींना वाटते, चुका करणाऱ्यांना लिहिलेले हे पत्र असावे. प्रेषित पौलाने त्यात कानउघाडणी केली असल्याने हा समज आणखी पक्का होतो. पण इथल्या ‘गलती’चा चुकीशी काडीचाही संबंध नाही. केल्ट टोळ्यांना ग्रीक लोक ‘गलाताई’ म्हणत, त्या नावाचे हे मराठी रूप. बिथिनियाचा राजा पहिला निकोमिदस याने इ. स. पू. 278च्या सुमारास या टोळ्यांना लढण्यासाठी भाड्याने बोलावले. त्या आजच्या तुर्कस्तानात उतरल्या आणि पुढे अंकाराभोवतीच्या पठारावर स्थायिक झाल्या.

पण म्हणून पौलाचे वाचक केल्टच होते, असेही धरून चालू नये. इ. स. पू. 25 मध्ये त्यांचा राजा अमिंतास मारला गेला आणि रोमने त्याच्या राज्याचा गलतीकरांच्याच नावाचा प्रांत केला. इकुन्या, लुस्त्र, दर्बे ही दक्षिणेची नगरेही त्यात आली. तिथे फ्रिगियन, लुकवनी, ग्रीक, यहुदी अशी सरमिसळ वस्ती होती. पत्र उत्तरेकडच्या केल्टांना की दक्षिणेच्या नगरांना, हा वाद अजून मिटलेला नाही. मला दक्षिणेची बाजू भक्कम वाटते. कारण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाच्या याच नगरांतल्या प्रवासाचे तपशीलवार वर्णन आहे.

‘हे लोक भोळसट होते’ हा समज मात्र मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. लुस्त्रमध्ये पौलाच्या शब्दाने एक पांगळा माणूस चालू लागताच लोकांनी पौलाचा सहकारी बर्णबा याला झ्यूस आणि पौलाला हर्मीस ठरवले, पुजारी बैल आणि हार घेऊन आला. आज वाचताना हा निव्वळ बावळटपणा वाटतो. पण शेजारच्या फ्रिगियात हे दोन देव माणसांच्या वेषात एका गरीब वृद्ध जोडप्याकडे आल्याची कथा प्रचलित होती. रोमन कवी ओव्हिडनेही ती सांगितली आहे. लुस्त्रच्या परिसरात या दोन देवांची नावे एकत्र असलेला शिलालेखही सापडला आहे. लोकांनी नवी घटना आपल्या श्रद्धेच्या चौकटीत समजून घेतली, इतकेच. शिवाय ते ओरडत होते लुकवनी भाषेत. त्यामुळे काय चालले आहे हे पौल आणि बर्णबा यांना उशिरा कळले.

नव्या धर्माबरोबर जुनी ओळख लगेच पुसली गेली, हेही खरे नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने नोंदवले आहे, की गलतीकर ग्रीक बोलतात, पण त्यांची स्वतःची भाषाही आहे, आणि ती जर्मनीतल्या ट्रिअरकडच्या केल्टांच्या बोलीशी जवळजवळ जुळते.