पाच हजारांतल्या दोन

शेळीच्या कानामागे चिकटलेली गोचिडीची मादी आठवडाभर रक्त पिते आणि एरंडीच्या बीएवढी टम्म फुगते. वजन शंभरपटीपर्यंत वाढतं. मग ती गळून पडते, गोठ्यातल्या एखाद्या भेगेत शिरते, काही हजार अंडी घालते आणि मरते.

हिशेबासाठी अंडी ५,००० धरू, त्यांतल्या निम्म्या माद्या. सगळ्या जगल्या तर दुसऱ्या पिढीत सव्वा कोटी अंडी, तिसऱ्या पिढीत ३,१२५ कोटी. पृथ्वीवरच्या माणसांच्या जवळजवळ चौपट!

प्रत्यक्षात असं होत नाही. गोचिडींची संख्या स्थिर असते तेव्हा या ५,००० पैकी सरासरी दोनच, एक नर आणि एक मादी, अंडी घालण्याच्या वयापर्यंत पोचतात. बाकीच्या ४,९९८ ऊन, मुंग्या, कोंबड्या आणि उपासमार यांत संपतात. मला थक्क करतो तो हा दोनाचा आकडा. दोनाऐवजी चार जगल्या, म्हणजे प्रमाण ०.०४ टक्क्यांवरून ०.०८ वर गेलं, की दर पिढीला संख्या दुप्पट. दहा पिढ्यांत हजारपट.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उघड्यावरची अंडी वाळून जातात. गोठ्यातली वाचतात. मुताने ओली जमीन, न लिंपलेली भिंत, कोपऱ्यात साचलेल्या लेंड्या: दोन की चार, हे तिथे ठरतं. गोचिडीच्या आयुष्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक काळ जनावराच्या अंगाबाहेर जातो, म्हणून नुसत्या शेळीवर औषध फवारून भागत नाही. भेगा बुजवाव्या लागतात.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाख मेंढ्या होत्या. प्रत्येकीवर दहाच गोचिडी धरल्या तरी १३ कोटींहून जास्त. २०११ च्या जनगणनेत राज्यातली माणसं ११.२४ कोटी होती. थायलेरिओसिस, ॲनाप्लाझ्मोसिस हे गोचिडींनी पसरवलेले रोग कळपात ताप आणि रक्तक्षय आणतात. माणसाला सर्वांत घातक तो क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप. त्याचा विषाणू इतका लहान की एका मिलिमीटरवर दहा हजार ओळीने मावावेत. शेळीच्या रक्तात तो साधारण आठवडाभर राहतो आणि शेळी आजारी दिसतसुद्धा नाही. माणसांत मात्र शंभरातले १० ते ४० रुग्ण दगावतात. २०११ मध्ये अहमदाबादजवळच्या कोलाट गावातली एक स्त्री या तापाने गेली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेले. आपल्याकडे सिंधुदुर्गात २०१६ मध्ये गोचिडीनेच पसरणारा माकडताप आला.

कोट्यवधी गोचिडींच्या मानाने असे रुग्ण फार थोडे, हे खरं. पण विदर्भात शेळ्या बहुतेक घरी बायका आणि मुलं सांभाळतात, आणि गोचीड उघड्या बोटांनी उपटून नखाने चिरडली जाते. चिरडलेल्या गोचिडीचं रक्त बोटावरच्या चिरेत जायला किती वेळ लागतो? हातमोजा किंवा चिमटा, आणि गोचीड टाकायला रॉकेलचा डबा, एवढा खर्च प्रत्येक घराला परवडतो.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणसांचे आणि जनावरांचे रोग एकत्र तपासण्याचं काम तिच्याकडे आहे. पण पहिली खबर गावातूनच यायला हवी. चाव्यानंतर क्रायमियन-काँगो ताप बहुधा एक ते तीन दिवसांत, फार तर नऊ दिवसांत येतो. त्या दिवसांत दवाखान्यात जाल तर नाव सांगण्याआधी सांगा की घरी शेळ्या आहेत आणि गोचीड काढली होती. म्हणजे डॉक्टर तुम्हाला तपासण्याआधी हातमोजे चढवतील.