टिप्याचं अंडं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास गावातले एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. हातात साखळी आणि साखळीला टिप्या. एरवी दारातूनच टेबलाकडे झेप घेणारा हा गावठी कुत्रा त्या दिवशी पायरीवरच बसून राहिला. ओठ उचलून पाहिलं, तर हिरड्या पांढुरक्या पडलेल्या.

"दोन दिवस झाले, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय," गुरुजी सांगू लागले. "अशक्तपणा वाटला म्हणून डॉक्टर, मी अंडी वाढवली. तरी दिवसेंदिवस खंगतोच आहे."

"अंडं देता कसं?" मी विचारलं.

"भुर्जी करतो ना. निम्मी माझी, निम्मी त्याची."

दोन जणांच्या त्या भुर्जीत रोज दोन मोठे कांदे पडत होते. माझ्या पोटात गोळा आला, कारण तीन महिन्यांपूर्वी "गुरुजी, याला रोज एक अंडं चालू करा" असं सांगणारा मीच होतो. अंडं कसं करून द्यायचं, हे मात्र मी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे अंडं म्हटलं की कांदा आलाच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

कांद्यात गंधकाची काही संयुगं असतात. आपल्याला ती सहज पचतात, पण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना ती सोसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीच्या कडेला फोडासारखा ठिपका दिसतो. मग अशा पेशी फुटू लागतात आणि त्यांचा रंग लघवीवाटे बाहेर पडतो. १० किलो वजनाच्या कुत्र्याने एका वेळी १५० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे दोन कांदे खाल्ले, तरी रक्तात बदल दिसू शकतात. रोज थोडा थोडा पोटात गेला तरी नुकसान साठत जातं. कांदा परतला, शिजवला किंवा वाळवून त्याची पूड केली, तरी हा दोष जात नाही. लसूणही त्याच कुळातला. शिवाय लक्षणं दिसायला दोन-चार दिवस लागतात, त्यामुळे संशय कांद्यावर जातच नाही. यावर उताराही नाही. कांदा बंद करायचा, सलाईन लावायचं, रक्त फारच कमी झालं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यायचं आणि शरीर नव्या पेशी तयार करेपर्यंत वाट पाहायची. टिप्याला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे गुरुजींच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं.

मग अंडं द्यायचंच कशाला, असं कोणी विचारील. द्यावं, जरूर द्यावं. आपल्याकडचे बहुतेक कुत्रे दूध-पोळी नाही तर दूध-भातावर वाढतात. त्यात प्रथिनं तुटपुंजी असतात आणि मोठ्या झालेल्या अनेक कुत्र्यांना दूध नीट पचतही नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि तीही अशी उत्तम, की इतर पदार्थांमधल्या प्रथिनांची प्रत बऱ्याचदा अंड्याशी ताडून ठरवली जाते. अंडं गावठी की पोल्ट्रीचं, हा वाद माझ्या मते व्यर्थ आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा तिच्या खाद्यावर.

दुसरी मोठी समजूत कच्च्या अंड्याची. कुत्र्याच्या अंगावर तकाकी यावी म्हणून दुधात कच्चं अंडं फोडून देणारे मला दर आठवड्याला भेटतात. गंमत अशी, की याचा परिणाम नेमका उलटा होऊ शकतो. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेने उंदरांना मुख्यतः अंड्याच्या न शिजवलेल्या, वाळवलेल्या पांढऱ्या भागावर ठेवलं, तर त्यांचे केस झडले आणि कातडी बिघडली. पांढऱ्या भागातलं ॲव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही, हे पुढे उलगडलं. शिजवलं की ॲव्हिडिनचा जोर संपतो. बलकात बायोटिन असतं, त्यामुळे कधी एखादं कच्चं अंडं पोटात गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही. खरी भीती साल्मोनेला या जंतूची. कुत्रा स्वतः ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून जंतू अंगणात येतात, आणि अंगणात रांगणारं मूल असतं.

तेव्हा उकडलेलं अंडं सर्वांत बरं. थंड पाण्यात अंडी ठेवा, पाण्याला उकळी आली की दहा-बारा मिनिटं उकडा, मग गार पाण्यात सोडा. मीठ, तिखट, तेल, लोणी काही नको. जास्त तेलतुपाने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं. कवच पूर्ण सोला, अंडं कुस्करून नेहमीच्या खाण्यात मिसळा, कारण हावरट कुत्रं सबंध अंडं गिळायला जातं. पहिल्या वेळी पाव अंडं देऊन दोन दिवस थांबा. खाज, उलटी, जुलाब काही झालं नाही तर पुढे जा.

माझ्या ओळखीच्या एका घरी अंड्याला स्वयंपाकघरात मज्जाव आहे. सूनबाई गॅलरीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात लॅब्रॅडॉरसाठी अंडी उकडतात. सासूबाई पूर्वी नाकाला पदर लावायच्या, आता आतूनच विचारतात, "अगं, त्याचं अंडं झालं का?" या सोवळ्याचा फायदा असा, की त्या पातेल्याच्या आसपास कांदा कधी फिरकतच नाही.

किती द्यायची? वरखाण्यातून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावेत, असा दंडक आहे. एका अंड्यात साधारण ७० उष्मांक. त्या हिशोबाने पॉमेरेनियनला अर्धं, टिप्याएवढ्या कुत्र्याला एक आणि ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला दोन. ही कमाल मर्यादा समजा. रोजच द्यायला हवं असं नाही.

कवचाची पूड घालावी का, असंही विचारतात. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. तयार खाद्य खाणाऱ्या कुत्र्याला त्याची गरज नसते, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं जादा कॅल्शियमने बिघडतात. म्हणून पशुवैद्याला विचारल्याशिवाय पूड नको.

गुरुजींची भुर्जी काही सुटली नाही. पण आधी टिप्याचं अंडं उकडून, कुस्करून त्याच्या थाळीत पडतं, आणि मगच विळीवर कांदा येतो. कांदा चिरत असताना टिप्या ओसरीवर बांधलेला असतो आणि भुंकून आळी डोक्यावर घेतो.